पडलेलं प्रत्येक कुत्रं फिटचं नसतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मागे पाळीव कुत्र्यांना येणाऱ्या फिट्सवर लेख आला होता, तो वाचला. चांगला होता, कात्रण काढून ठेवलंय. पण त्यात एक वाक्य होतं की कुत्रं अचानक पडलं, पाय ताठ झाले तर ती फिटच समजा आणि औषध चालू करायला उशीर करू नका. नेमकं हेच समजून आम्ही सात महिने घालवले म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर वगैरे नाही, अकाउंट्सचं काम करणारा साधा माणूस आहे, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. पण जे लिहितोय ते आमच्या डॉक्टरांकडून दहा वेळा विचारून घेतलंय, त्यांना माझा कंटाळा आलाय एवढं.

आमच्याकडे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची कुत्री आहे, छकुली. पाच महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. मुलीनं बॉल टाकला, छकुली धावली, आणि अर्ध्या वाटेत मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारख्या उड्या मारायला लागली. आम्ही हसलो. खरंच हसलो, मुलगी म्हणाली बाबा बघा हिचा ससा झाला. चार-पाच उड्या झाल्या आणि मग पुढून खाली बसली, छाती जमिनीला, डोकं जमिनीला आणि मागचा भाग मात्र वरच, जणू पलंगाखाली काहीतरी शोधतेय. मग एका अंगावर कलंडली, पाठ कमानीसारखी झाली, मागचे पाय लाकडासारखे, आणि पुढचा एक पंजा वाकून कानावरून डोक्यावर गेला, आपण मोठा आवाज आला की कान झाकतो ना तसा. किती वेळ ते सांगता येणार नाही, अशा वेळी घड्याळ कोण बघतंय, मिनिट-दीड मिनिट असेल. आणि मग ती उठली, अंग झटकलं आणि जाऊन बॉल घेऊन आली.

हे बॉल घेऊन येणं महत्त्वाचं होतं हे आम्हाला खूप नंतर कळलं.

डॉक्टरांकडे नेलं. तिथे अर्थातच मॅडम एकदम ठणठणीत, शेपटी हलवतायत, टेबलावर उभ्या राहून स्टेथोस्कोप चाटतायत. आम्ही सांगितलं पडली, ताठ झाली, थरथरली. त्यांनी सांगितलं एपिलेप्सी, आणि गोळ्या चालू. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी प्रत्यक्ष काही बघितलंच नव्हतं आणि आम्ही सांगताना "फिट आली" असंच सांगितलं होतं, निदान आम्हीच करून नेलं म्हणा ना. गोळी फेनोबार्बिटोनची. त्या गोळीनं छकुली दिवसभर गुंगीत, चालताना झोकांड्या, पाणी दुप्पट, आणि भूक एवढी की रिकामं भांडं चाटत चाटत ढकलत भिंतीपर्यंत न्यायची. लिव्हरसाठी मधे मधे रक्त तपासायचं ते वेगळंच. आणि एवढं करून पडणं थांबलं का, तर नाही. पाहुणे आले की पडायची, गाडीत बसायचा आनंद झाला की पडायची, मग डोस वाढवा, मग परत पडली, मग अजून वाढवा.

शेवटी मुलीनंच मोबाईलवर व्हिडिओ काढला. मला राग आला होता तिचा, म्हटलं कुत्रं तिकडे तडफडतंय आणि तुला शूटिंग सुचतंय. पण तो एक मिनिट चाळीस सेकंदांचा व्हिडिओ घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी तो तीनदा बघितला, एकदा आवाज बंद करून, मग आवाज लावून. व्हिडिओत मुलगी "छकू, छकू" म्हणतेय आणि छकुलीचे डोळे तिच्याकडे वळतायत, पाय ताठ, मान वाकडी, पण डोळे बरोबर तिच्याकडे. डॉक्टर म्हणाले ही शुद्धीत आहे. तोंडातून लाळ आली होती का? नाही. जागेवर शू झाली होती का? नाही. नंतर किती वेळ सैरभैर असते, ओळखत नाही, भिंतीला धडकते असं काही? म्हटलं नाही हो, ही उठते आणि बॉल आणते. ते हसले आणि म्हणाले फिटमधून उठलेलं कुत्रं सहसा लगेच बॉल आणत नाही.

तर संपादक साहेब, या आजाराचं नाव एपिसोडिक फॉलिंग सिंड्रोम. हा डिस्कायनेशिया या प्रकारात मोडतो, म्हणजे हालचालींचा आजार, अधूनमधून झटक्यासारखा येणारा, आणि या जातीत आनुवंशिक. मोठ्या फिटमध्ये मेंदूतल्या पेशी एकदम, एकत्र, बेताल फायर करतात, त्यामुळे शुद्ध हरपते, लाळ येते, शू-शी होते, नंतर कित्येकदा तासन्‌तास गोंधळ राहतो. डिस्कायनेशियात कुत्रं शुद्धीवर असतं, त्याला चालायचं असतं पण स्नायू ऐकत नाहीत, आकडतात, आणि झटका ओसरला की कुत्रं जसंच्या तसं. अगदी शंभर टक्के ओळख फक्त बघून पटते असं नाही, काही प्रकारच्या फिट्समध्येही कुत्रं शुद्धीवर असू शकतं, म्हणून घरच्या घरी निकाल लावू नये. या गोंधळावर जगभरातल्या प्राण्यांच्या न्यूरॉलॉजिस्ट लोकांनी एकत्र येऊन २०२१ मध्ये एक एकमताचं निवेदन काढलंय, कशाला डिस्कायनेशिया म्हणायचं आणि त्याचे प्रकार कसे पाडायचे यावर. म्हणजे तज्ज्ञांनाही शब्द ठरवायला इथपर्यंत यावं लागलं, तर आपल्यासारख्यांनी "फिट" म्हटलं यात नवल नाही.

आता हे होतं कशामुळे. डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. मेंदूतल्या पेशींच्या भोवती एक जाळीसारखं आवरण असतं, त्या जाळीत लागणारं एक प्रोटीन आहे ब्रेव्हिकॅन नावाचं, आणि ते बनवायची कृती ज्या जीनमध्ये लिहिलेली आहे त्याचं नाव बीकॅन. या कुत्र्यांमध्ये त्या जीनच्या सुरुवातीचा सुमारे १५,७०० अक्षरांचा तुकडाच गायब असतो. पुस्तकाची पहिली पानंच फाडली तर पुढचं काय वाचणार. २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या टीम्सनी हे शोधून छापलं, आणि तेव्हापासून त्याची डीएनए टेस्ट आहे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, लॅबला पाठवायची, झालं. आमच्या छकुलीचा रिपोर्ट आला, दोन्ही कॉपी खराब. एक आईकडून आलेली, एक बापाकडून.

आणि इथे माझं डोकं फिरलं. कारण हिशोब सोपा आहे, मी तर आकड्यांचाच माणूस. आजार रिसेसिव्ह आहे, म्हणजे दोन्ही कॉपी खराब असतील तरच होतो. एक चांगली एक खराब असेल तर ते कुत्रं कॅरियर, दिसायला वागायला पूर्ण नॉर्मल, बघून काही म्हणजे काही कळत नाही. दोन कॅरियर एकमेकांना लावले तर प्रत्येक पिल्लाला २५ टक्के शक्यता आजाराची, ५० टक्के कॅरियर असण्याची आणि २५ टक्के पूर्ण क्लिअर, म्हणजे दोन्ही कॉपी चांगल्या. पण कॅरियरला क्लिअर कुत्रं लावलं तर आजारी पिल्लू एकही होत नाही, शून्य. म्हणजे आमच्या छकुलीच्या आईबापापैकी निदान एकाची जरी टेस्ट केली असती आणि जोडी बदलली असती तर हे सात महिने आलेच नसते. कापसाच्या एका काडीचा प्रश्न होता.

ब्रीडरला फोन केला. भांडायला नाही, खरंच सांगायला केला, की बाकीच्या पिल्लांच्या घरी कळवा. आधी म्हणाले तुम्ही जास्त पळवलं असेल. मग म्हणाले कॅल्शियम कमी पडलं असेल. मग म्हणाले आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही, चॅम्पियन लाइन आहे. टेस्ट केलीय का विचारलं तर म्हणाले गरज काय, आईबाप दोघंही एकदम ठणठणीत आहेत. त्यानंतर फोन उचलणं बंद. पण खरं सांगू का, मी पिल्लू घेताना काय विचारलं होतं? रंग कोणता मिळेल, कान किती लांब होतील, मोठं झाल्यावर वजन किती होईल, फोटोत डोळे छान दिसतायत. टेस्टचा रिपोर्ट हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही कारण असं काही विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. मोटारसायकल घेताना मी तीन लोकांना विचारून, इंजिन ऐकून, कागदपत्रं तपासून घेतली होती. आणि हे तर दहा-बारा वर्षं घरात राहणारं जिवंत माणूस, चुकलो, जिवंत कुत्रं.

या जातीत हे का साचलं त्याची पण गोष्ट आहे, थोडी लांबेल. जुन्या चित्रांमध्ये दिसतात ना लांब तोंडाची छोटी स्पॅनियल, तशी कुत्री मधल्या काळात जवळजवळ उरलीच नव्हती, चपट्या तोंडाची फॅशन आली होती. १९२६ मध्ये रॉसवेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी इंग्लंडच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये जुन्या धाटणीच्या कुत्र्यांसाठी २५ पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. १९२८ मध्ये क्लब निघाला आणि अ‍ॅन्स सन नावाचा एक कुत्रा समोर ठेवून जात कशी दिसावी याचे नियम लिहिले गेले. मधे महायुद्ध, कुत्र्यांची संख्या अजून रोडावली, आणि १९४५ मध्ये केनेल क्लबनं वेगळी जात म्हणून मान्यता दिली. म्हणजे आज जगभर जे कॅव्हेलियर आहेत ते मूठभर पूर्वजांचे वंशज. त्या मूठभरात एकाकडे जरी बिघडलेली कॉपी असेल आणि तो दिसायला देखणा म्हणून सगळ्यांनी त्यालाच लावला असेल, तर काही पिढ्यांनी तीच कॉपी दोन्ही बाजूंनी येऊन भेटणार. नात्यातल्या नात्यात लग्नं लावल्यासारखंच ते. यात कुणी मुद्दाम वाईट केलं असं नाही, एकेका सुंदर कुत्र्याच्या मागे सगळे लागले एवढंच.

अर्थात या जातीला हृदयाच्या झडपेचा आणि कवटी लहान पडून मणक्यात पाणी साचण्याचा त्रास याहून मोठा आहे. २०२२ मध्ये नॉर्वेच्या ओस्लोमधल्या कोर्टानं तर कॅव्हेलियर आणि इंग्लिश बुलडॉगचं ब्रीडिंग तिथल्या प्राणी कल्याण कायद्यात बसत नाही असा निकाल दिला, वरच्या कोर्टात बुलडॉग सुटला पण कॅव्हेलियरचं ते तसंच राहिलं. मला एवढं टोकाचं पटतं का? छकुली मांडीवर झोपली असताना नाही पटत. ती पडलेली असताना पटतं.

दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल याला फक्त ब्रीडर लोकांवर राग काढायचाय. टेस्टमध्ये कॅरियर निघालं म्हणून ते कुत्रं ब्रीडिंगमधून सरसकट काढून टाकणं हा उपाय नाही, असं डॉक्टर फार कळकळीनं सांगत होते. आधीच पूर्वज कमी, त्यातून अजून कुत्री बाद केली तर उरलेली अजून जवळच्या नात्यातली, आणि मग दुसरा कुठला तरी आजार डोकं वर काढणार. चांगल्या तब्येतीचं, चांगल्या स्वभावाचं कॅरियर असेल तर क्लिअरशी जोडी लावा, पिल्लं तपासा, त्यातली क्लिअर पुढे न्या. दोन-तीन पिढ्यांत खराब कॉपी हळूहळू कमी होते आणि जात पण वाचते. कॅरियर म्हणजे कलंक नाही. पण ब्रीडर लोकांना वाटतं रिपोर्टवर तो शब्द आला की धंदा बसला, म्हणून टेस्टच करायची नाही, आणि घेणारे आम्ही तो शब्द ऐकून पळणारे. दोन्हीकडून लपवालपवी.

कॅव्हेलियर तुमच्याकडे नाही म्हणून पान उलटू नका. स्कॉटिश टेरियरमध्ये याचाच भाऊबंद आहे स्कॉटी क्रॅम्प, १९४०च्या दशकापासून माहीत असलेला. कुत्रं खेळायला लागलं, उत्साहात आलं की पुढचे पाय बाहेर फेकतं, पाठ कमानदार होते, मागचे पाय एवढे आखडतात की कधी कधी कोलांटी खातं. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाच्या गडबडीशी त्याचा संबंध आहे, आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांनी तो वाढतो, म्हणून अशा कुत्र्याला पाय दुखतोय वाटून घरातली गोळी देऊ नका. बॉर्डर टेरियरमध्ये आहे त्याचं तर गव्हातल्या ग्लूटेनशी नातं निघालं, २०१५ मध्ये त्यावर अभ्यास छापून आले, आणि ग्लूटेन बंद केल्यावर बऱ्याच कुत्र्यांचे झटके कमी झाले किंवा थांबले. हे ऐकून मी छकुलीचं पण ग्लूटेन बंद करायला निघालो होतो, डॉक्टर म्हणाले अहो तिचा आजार वेगळा, तिच्या जीनमधला तुकडा खाण्यानं परत येणार नाही. सॉफ्ट कोटेड व्हीटन टेरियरमध्ये पण असाच आजार आहे, त्याचं जीन अजून वेगळंच. बाहेरून बघायला सगळे सारखे पडतात, आतून कारण प्रत्येकाचं निराळं, म्हणून शेजारच्याच्या कुत्र्याला लागू पडलं ते आपल्याला पडेलच असं नाही.

आणि लॅब्राडोर तर घरोघर. त्यात एक्सरसाइज इंड्यूस्ड कोलॅप्स नावाचा आजार आहे, डायनामिन-१ या प्रोटीनच्या जीनमधला दोष, २००८ मध्ये सापडला, हाही रिसेसिव्ह. पाच ते पंधरा मिनिटं जोरात पळापळ झाली, विशेषतः बॉल किंवा काठी आणायच्या खेळात, की मागचे पाय लटपटतात, ओढत चालतं आणि कोसळतं. मालकाला वाटतं दमला. तो थांबत नाही कारण लॅब्राडोर थांबतच नाही, आपणच थांबवायचं. लगेच खेळ बंद, सावली, गार करणं, डॉक्टर, कारण यात क्वचित जीवही जातो. याचीही टेस्ट आहे.

छकुलीचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो. फेनोबार्बिटोन एकदम बंद करायची नसते, एकदम थांबवली तर खऱ्याच फिट्स येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनी हळूहळू उतरवत बंद केली. आता क्लोनाझेपाम चालू आहे, तिला ती मानवली. पुढे मागे असर कमी झाला तर अ‍ॅसेटाझोलामाइड म्हणून दुसरं औषध आहे असं सांगून ठेवलंय. काही कुत्र्यांमध्ये वर्षभरानंतर झटके आपोआप आटोक्यात येतात, आमची तीन वर्षांची होत आली, महिन्या-दोन महिन्यांतून एखादा येतो. आला की आम्ही धावपळ करत नाही. टोकदार काही जवळ असेल तर सरकवतो, जिन्याजवळ असेल तर आडवा पाय घालून बसतो, तोंडात हात किंवा चमचा घालत नाही, ते फिट असली तरी घालायचं नसतं. आणि नाव घेत राहतो, कारण तिला ऐकू येतं. आधी सात महिने ती पडली की आम्ही सगळे तिच्याभोवती ओरडत होतो, मुलगी रडत होती, मी फोन लावत होतो, आणि ती सगळं बघत होती. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

तिच्या भावंडांपैकी एक पिल्लू कुणाकडे गेलं ते योगायोगानं कळलं. त्यांना फोन केला, म्हणाले हो आमचा पण पडतो, डॉक्टरांनी फिट सांगितलंय, गोळ्या चालू आहेत. मी म्हटलं पुढच्या वेळी आधी व्हिडिओ काढा. क्षणभर शांत झाले, मग म्हणाले अहो कुत्रं पडलेलं असताना व्हिडिओ काढायचा म्हणजे जरा कसं वाटतं. म्हटलं मला पण तसंच वाटलं होतं.

आता तुमच्या पुरवणीकडून एकच मागणं आहे. पुढच्या वेळी फिट्सवर लिहाल तेव्हा औषधाच्या आधी एक ओळ टाका, की पूर्ण झटका शूट करा, सुरुवात हुकली तरी चालेल, कुत्र्याचं तोंड आणि चारही पाय दिसले पाहिजेत, मधेच एकदा नाव घेऊन हाक मारा आणि डोळे वळतात का ते दिसू द्या, आणि उठल्यावरची पण दोन मिनिटं घ्या. उठल्यावरची नक्की घ्या, आमच्या बाबतीत खरी गोष्ट तिथेच होती.

पत्र फारच लांबलंय. जागा नसेल तर एल्ड्रिज साहेब आणि त्यांचे २५ पौंड कापा, माझी मोटारसायकल कापा, व्हिडिओची ओळ तेवढी कापू नका.

आपला,
एक नियमित वाचक